बफेलोतलं बर्फाचं वादळ, सहा माणसांचं घर आणि सगळ्यांच्या मध्ये उभी असलेली सून

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. ऑगस्टमध्ये तुम्ही पुण्याहून अमेरिकेत, बफेलोजवळ ॲम्हर्स्टला आलात. घर भाड्याचं. मुलगा चार वर्षांचा, मुलगी सात महिन्यांची. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. सासऱ्यांना ब्लड प्रेशर, सासूबाईंना मधुमेह. मागच्या वादळात चार दिवस सगळे घरात होतात. शाळा बंद, तुमचं आणि नवऱ्याचं ऑफिस घरूनच. मुलगा दिवसभर आयपॅडवर, सासरे कोणाचं न ऐकता फावडं घेऊन बाहेर, सासूबाईंना घर गार म्हणून थर्मोस्टॅटवरून कुरबुर, आणि चौथ्या दिवशी तुम्ही बाथरूमचं दार लावून रडलात. आता विचारताय की पुढच्या वादळाआधी घरात काय काय भरून ठेवावं, मुलाचं काय करावं, आणि पुढच्या वर्षी सासू-सासऱ्यांना हिवाळ्यात बोलवावं की नाही.

मी मूळची सांगलीची. वेस्टर्न न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं घरोघरी जाऊन वृद्ध आणि बाळंतिणी पाहणारी नर्स म्हणून काम करते. वादळाच्या आधी आणि नंतर लोकांच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आहे, त्यावरून सांगते.

तुमच्या प्रश्नात सामानाची यादी मागितली आहे, पण तुमचं घर सामानावाचून अडलं नव्हतं. तुम्हीच लिहिलंय की तांदूळ, डाळ, दूध सगळं होतं. अडलं ते असं की त्या चार दिवसांत प्रत्येक गोष्ट तुमच्यावरून जात होती. चहा कधी, मुलाने काय करायचं, बाबांना बाहेर जाऊ द्यायचं का, हीटिंग किती ठेवायचं, बाळाला कोण घेणार. एरवी शाळा, ऑफिस, भाजी आणायला जाणं यांनी दिवसाचे तुकडे पडतात आणि निर्णय आपोआप वाटले जातात. बर्फ पडला की ते तुकडे जातात, आणि सगळे निर्णय घरातल्या एका माणसापाशी साचतात. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे सून असते. म्हणून माझा सल्ला भरण्यापेक्षा वाटण्याबद्दल जास्त आहे: घरातल्या प्रत्येक माणसाला, चार वर्षांच्या मुलालासुद्धा, वादळापुरतं एक खरं काम नेमून द्या. खरं म्हणजे असं, की ते झालं नाही तर घराचं काहीतरी अडेल.

पण त्याआधी जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी, कारण तिथे वाटाघाट नाही.

पहिली गोष्ट फावड्याची. तुमचे सासरे म्हणतात, "आयुष्यभर कष्ट केलेत, एवढ्या बर्फाने काय होतंय." त्यांची ताकद हा इथे मुद्दाच नाही. गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ब्लड प्रेशर चढतं. ओला बर्फ उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. काम हाताचं असतं, पाय जागच्या जागी, आणि बरेचदा सकाळी उठल्या उठल्या. हृदयावर एवढा ताण एकदम येतो. प्रत्येक मोठ्या वादळानंतर इथे फावडं मारताना हार्ट अटॅक आलेली माणसं दगावतात, आणि त्यांत स्वतःला ठणठणीत समजणारेही असतात. साठी ओलांडलेल्या, ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने इथे बर्फ उपसू नये, एवढं स्पष्ट मी माझ्या स्वतःच्या वडिलांनाही सांगितलं होतं. तुम्ही सुनेने सांगण्यापेक्षा हे नवऱ्याने सांगावं, आणि वादळ सुरू व्हायच्या आधी. ते हातात फावडं घेऊन दारात उभे राहिल्यावर सांगितलं तर तो अपमान वाटतो.

भाड्याच्या घरात ड्राइव्हवे कोणी साफ करायचा ते करारात लिहिलेलं असतं. एकदा वाचून घ्या. काम तुमच्याकडे असेल तर नवऱ्याने थोडं थोडं, बर्फ पडत असतानाच दोन-तीन फेऱ्यांत करावं. उचलण्याऐवजी ढकलावं. प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी, गेल्यावर ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो घट्ट ढीग बसतो तोच सगळ्यात जड असतो, त्यासाठी दम राखून ठेवावा. मीठ टाकणार असाल तर साधं खडे मीठ साधारण पंधरा-वीस फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइडवालं लागतं.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइड. हा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही. घराबाहेर भिंतीतून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप निघालेले दिसले तर ते तुमच्या फर्नेसचे, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचे, श्वास आणि उच्छ्वास आहेत. वाऱ्याने बर्फाचा ढीग त्यांच्यावर चढला की एक तर फर्नेस बंद पडते किंवा जळलेला वायू नीट बाहेर जात नाही. ते पाइप कुठे आहेत हे आजच पाहून ठेवा. वादळात दिवसातून दोनदा त्यांच्याभोवतीचा बर्फ हाताने बाजूला करायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या मजल्यावर असू द्या. गॅसच्या ओव्हनचं दार उघडून खोली तापवायची नाही. जनरेटर आणला तर तो घरापासून किमान वीस फूट लांब, गराजमध्ये अजिबात नाही.

आणि एक गोष्ट इथल्या कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून मी प्रत्येक मराठी घरात मुद्दाम विचारते. बाळाला धुरी देता का? बाळाला न्हाऊ-माखू घातल्यावर ओवा, बाळंतशेपा, ऊद निखाऱ्यावर टाकून शेकायचं, ही आपल्याकडची माया आहे, मला त्याचा वास आजही आवडतो. पण आपल्याकडच्या घरांना फटी असतात, खिडक्या उघड्या असतात. इथलं घर हिवाळ्यात डब्यासारखं बंद असतं. त्यात पेटते कोळसे म्हणजे सरळ कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याचा फटका सगळ्यात आधी बाळाला आणि म्हाताऱ्या माणसांना बसतो. सासूबाईंना तेल लावू द्या, मालिश करू द्या, कोमट पाण्याने न्हाऊ घालू द्या. शेगडी मात्र घरात पेटवायची नाही. कारण सांगितलंत की त्या ऐकतील. माझ्या अनुभवात आज्या कारण समजल्यावर सगळ्यात कडक पहारा त्याच ठेवतात.

याला लागूनच स्मोक अलार्म. मिरचीची फोडणी दिली की तो कोकलतो, बाळ दचकून उठतं, आणि मग कोणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढून ठेवतं. किती घरांत मी तो काढलेला अलार्म ड्रॉवरमध्ये पाहिला आहे! शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत घरातच सोडतो ते तपासा. भाड्याच्या घरांत बरेचदा तो दुसऱ्या प्रकारचा असतो. तसं असेल तर फोडणीच्या वेळी झाकण हाताशी ठेवा, पाच मिनिटं खिडकी बोटभर उघडा, बाथरूमचा पंखा लावा. बॅटरी काढू नका. वीज गेली तर मेणबत्ती किंवा समईवर घर चालवू नका, चार वर्षांच्या मुलाच्या घरात तर नाहीच. टॉर्च पुरेसे घ्या.

आता वादळाविषयी थोडं, कारण तुम्ही नवीन आहात आणि शेजारी कधी "काही नाही हो" म्हणतात, कधी घाबरवतात. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. इथला बर्फ ईरी सरोवरामुळे पडतो. सरोवराचं पाणी अजून उबदार असतं, वरून थंडगार वारा जातो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यापलीकडे बर्फ म्हणून टाकतो. हा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्गमध्ये ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला. उत्तरेकडच्या उपनगरांत, म्हणजे तुमच्या बाजूला, त्या मानाने फार कमी. ईरी हे पाच मोठ्या सरोवरांत सगळ्यात उथळ, त्यामुळे ते लवकर गोठतं, आणि गोठलं की हा प्रकार बराच कमी होतो. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ जास्त सांभाळायचा.

त्याच वर्षी नाताळात जे झालं ते वेगळं होतं. बफेलोच्या विमानतळावर सलग ३७ तास ब्लिझर्डची, म्हणजे सोसाट्याचा वारा आणि बर्फात समोरचं न दिसण्याची, स्थिती होती, बर्फ जवळजवळ ५२ इंच, आणि ईरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत अडकून, काही रस्त्यावर, काही हीटिंग बंद पडलेल्या घरात, काही मदत वेळेवर पोचू शकली नाही म्हणून. ॲम्ब्युलन्सच बर्फात रुतल्या होत्या. हे भीती घालायला सांगत नाही. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: वादळाच्या ऐन तासांत ९११ ला फोन करायचाच, पण मदत यायला उशीर होऊ शकतो हे धरून चालायचं. म्हणून नॅशनल वेदर सर्व्हिसचा, म्हणजे सरकारी हवामान खात्याचा, वॉच (वादळाची शक्यता) लागला की औषधं आणि दूध आणून ठेवा. वॉर्निंग (वादळ आलंच किंवा येणारच) लागली की गाडी बाहेर काढू नका. काउंटीने गाड्यांवर बंदी घातली तर ती पाळा, "फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात" म्हणूनसुद्धा नाही.

भरून ठेवायचं ते मग फार थोडं उरतं. सासू-सासऱ्यांची औषधं किमान दोन आठवड्यांची हाताशी हवीत. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या फार्मसीत सहसा चालत नाही, त्यामुळे गोळ्या संपत आल्यावर वादळात धावपळ करण्यात अर्थ नाही. बाळाचा फॉर्म्युला देत असाल तर तो, डायपर, तापाचं औषध, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, पिण्याचं पाणी. फोन चार्ज. तुमची शेगडी गॅसची असेल तर वीज गेल्यावरही बर्नर काडीने बहुधा पेटतो, विजेची असेल तर नाही. मग पोहे, चुरमुरे, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, ब्रेड असं न शिजवता खाण्याजोगं थोडं जास्त ठेवा. मधुमेह आहे म्हणून सासूबाईंसाठी भाजलेले चणे, दाणे, खाकरा वेगळे. फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिच्या पंख्याला वीज लागते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वीज गेली तर सगळ्यांनी एका खोलीत या, दारं लावून घ्या, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा आणि नळ बारीक धारेने चालू सोडा, म्हणजे पाइप गोठून फुटत नाहीत. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरमालकाला विचारून ठेवा. फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास माल टिकतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस. सामानाबद्दल एवढंच.

थर्मोस्टॅटच्या भांडणात मी सासूबाईंच्या बाजूने थोडं बोलणार आहे. वय झालं की शरीर उष्णता कमी तयार करतं, त्यात मधुमेह असेल तर पायांचं रक्ताभिसरण मंद असतं. तुम्हाला ६८ फॅरनहाइट बरं वाटतं तेव्हा त्यांना खरोखर हुडहुडी भरते. तो हट्ट नसतो. पण सगळं घर ७६ वर नेलं तर हवा आणखी कोरडी होते, बाळाला घाम येतो, मुलाच्या नाकातून रक्त येतं. बाहेरची थंड हवा मुळातच पाणी कमी धरते, ती घरात तापवली की आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. म्हणून मी घरांना ७० ते ७२ च्या मध्ये थांबायला सांगते आणि उरलेली ऊब माणसापाशी न्यायला सांगते. सासूबाईंना साडीच्या आत थर्मल, पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर रबरी तळव्याची घरातली चप्पल. नुसत्या मोज्यांवर लाकडी जिन्यावर घसरून मोडलेली कंबर मी पाहिली आहे. त्यांच्या खोलीत लहान हीटर ठेवलात तर तो पडदा, पांघरूण सगळ्यापासून तीन फूट लांब, थेट भिंतीतल्या प्लगमध्ये, आणि झोपताना बंद. गरम पाण्याची पिशवी मात्र त्यांच्या पायाला लावू नका. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलेलं कळत नाही, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. रोज रात्री त्यांचे तळवे तुमच्या मुलाने टॉर्च घेऊन बघायचे, आजीने सांगायचं कुठे दुखतं का. त्याला डॉक्टर झाल्यासारखं वाटेल आणि तपासणीही होईल.

गोधडीचंही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की आजी रात्री बाळावर आणखी एक पांघरूण घालून जातात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, झोपताना कानटोपी, काहीच नको. तोंडावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही, आणि फार ऊबही धोक्याची. अंगात घालायची झोपेची पिशवी मिळते ती घाला. बाळ गार आहे का ते हाताच्या तळव्यावरून ठरवायचं नाही, मानेच्या मागे हात लावून पाहायचं. हे सासूबाईंना तुम्ही न सांगता बाळाच्या डॉक्टरांकडून वदवून घ्या. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या. तिथेच व्हिटॅमिन डीचंही विचारा. बफेलोच्या हिवाळ्यातलं ऊन आपल्या सावळ्या कातडीला पुरत नाही. अंगावर दूध पिणाऱ्या बाळाला इथले डॉक्टर सहसा रोज ४०० युनिटचे थेंब देतात. मोठ्यांचं प्रमाण त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं.

आता मूळ मुद्द्यावर येते, कामांच्या वाटणीवर.

सासऱ्यांच्या हातातून फावडं काढलंत आणि बदल्यात काही दिलं नाही, तर ते खिडकीशी बसून राहतील आणि दर तासाला "मी केलं असतं" म्हणतील. त्यांना हवामानाचं खातं द्या. सकाळ-संध्याकाळ नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज वाचायचा, पोर्चच्या कठड्यावरच्या बर्फाची पट्टीने उंची मोजायची आणि नातवाने ती कागदावर लिहायची. फर्नेसचे पाइप साफ झाले की नाही हे नवऱ्याला विचारायची जबाबदारी त्यांची, औषधांचे डबे भरायचेही तेच. आयुष्यभर ऑफिस किंवा शेत सांभाळलेल्या माणसाला नोंदवही दिली की त्याचा चेहरा बदलतो. भारत इथल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो. आपली सकाळची आठ म्हणजे तिकडची संध्याकाळची साडेसहा. ती वेळ त्यांच्या फोनसाठी राखून ठेवा. मित्रांना कालचा बर्फ किती इंच ते सांगण्यात त्यांना जो आनंद होतो तो खरा आहे.

दुपारचं जेवण पूर्ण सासूबाईंचं. पूर्ण म्हणजे काय करायचं हेही त्यांनीच ठरवायचं, तुम्ही "आज काय करायचं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. शेगडीची बटणं, इन्स्टंट पॉट, डिशवॉशर हे वादळाआधी निवांत वेळी एकदा हाताला धरून दाखवा. बऱ्याच सासवा परक्या यंत्राच्या भीतीने मागे राहतात आणि सुनांना वाटतं त्यांना करायचं नाही. वाटाण्याच्या शेंगा मिळाल्या तर नातवाला सोलायला बसवा, नाहीतर मूग निवडायला, कणकेचे गोळे करायला. संक्रांत जानेवारीच्या मध्यात येते, म्हणजे बर्फाच्या ऐन दिवसांत. तीळ भाजून, गूळ किसून लाडू वळायला एक पूर्ण दुपार जाते आणि ती दुपार चांगली जाते. पाक मात्र मोठ्यांनीच हाताळायचा.

मुलाच्या बाबतीत मी आयपॅड बंद करा असं सांगणार नाही. दोघांच्या मीटिंग असताना ते शक्य नाही, आणि बंद करण्यावरून रोज रडारड झाली तर घर आणखी दमेल. फक्त तो दिवसाची पहिली गोष्ट असू नये. सकाळी उठल्यावर दूध, कपडे, आजोबांबरोबर बर्फाची मोजणी, मग बाहेर जाणं, मग जेवण. आयपॅड जेवणानंतर, बाळ झोपतं तेव्हा. मुलाला वेळ घड्याळावर कळत नाही, कशानंतर काय एवढं कळतं, म्हणून क्रम मोडू देऊ नका, मिनिटं थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतील.

आणि बाहेर जायचंच. वादळाचा जोर असताना नाही. वारा पडला, दिसायला लागलं की. पहिल्या हिवाळ्यात आपली घरं मुलांना चार-चार दिवस आत ठेवतात, सर्दी होईल म्हणून. सर्दी विषाणूने होते, आणि बंद घरात ती जास्त फिरते. आतून पातळ थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वरून पाणी न शिरणारी स्नो पँट आणि जॅकेट. सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून सुती मोजे नकोत. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा एकत्र पिशवीसारखे हातमोजे जास्त उबदार, आणि त्यांच्या दोन जोड्या ठेवा. कपडे चढवायला बाहेर खेळण्याएवढाच वेळ लागेल. तो वेळही दिवसाचाच भाग समजा, फुकट गेला असं मनात आणू नका. वीस मिनिटं पुरतात. वाऱ्यासकट जाणवणारा गारठा शून्य फॅरनहाइटच्या खाली असेल तर त्याहून कमी, आणि उणे अठरा फॅरनहाइटच्या आसपास गेला तर नाहीच, कारण तेव्हा उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. बोट किंवा कान पांढरट, मेणासारखं, बधिर झालं तर चोळू नका. आत आणून कोमट पाण्यात धरा आणि डॉक्टरांना फोन करा. प्लाऊने लावलेल्या ढिगात बोगदा खणायला किंवा त्यावर चढायला कधीही देऊ नका, तो कोसळतो, आणि आतलं मूल प्लाऊवाल्याला दिसत नाही. बाहेर जाणं अशक्य असेल त्या दिवशी बर्फ घरात आणा: मोठ्या परातीत बर्फ, खाली जुना टॉवेल, चमचे, वाट्या, स्प्रेच्या बाटलीत रंगीत पाणी. तासभर तो तुम्हाला हाक मारणार नाही.

गाडीने निघालात तर जाड जॅकेट काढून मगच मुलांना कार सीटचे पट्टे लावा, वरून पांघरूण घाला. जॅकेटवरून लावलेला पट्टा घट्ट वाटतो, पण अपघातात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो.

तुमच्या नवऱ्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, की त्याच्या मीटिंग बेसमेंटमध्ये चालतात. तुमच्याही मीटिंग असतात, तरी हाका तुम्हालाच येतात, कारण तुम्ही जेवणाच्या टेबलावर बसता. वादळाच्या दिवशी जागा बदला. अर्धा दिवस तुम्ही बेसमेंटमध्ये, दार लावून, वर तो. हाक कोणाला मारायची हे घरातले लोक कोण दिसतं त्यावर ठरवतात. ज्या घरांत हे केलं तिथे दोन दिवसांत फरक पडलेला मी पाहिला आहे. आणि रोज अर्धा तास, बाळ कोणाच्या तरी हातात असताना, तुम्ही एकट्या. सकाळी खिडकीपाशी उजेडात असाल तर उत्तम. इथे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्या अंधाराचा मनावर परिणाम होतो हे खरं आहे.

बाथरूममधल्या रडण्याबद्दल नर्स म्हणून एक विचारते. ते फक्त त्या चार दिवसांचं होतं, की आधीपासून आहे? बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही, कशातच गोडी वाटत नाही, आपण नसतो तर बरं असं मनात येतं, यांपैकी काही दोन आठवड्यांहून जास्त असेल तर तो बर्फाचा दोष नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं, सातव्या महिन्यातही. तुमच्या डॉक्टरांना किंवा बाळाच्या डॉक्टरांना सांगा. वादळात फोनवरही अपॉइंटमेंट मिळते. स्वतःला इजा करण्याचा विचार आला तर ९८८ ला कधीही फोन किंवा मेसेज करा. याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

पुढच्या वर्षीचं म्हणाल तर ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत: तुम्हाला डेकेअर मिळतं का, सासऱ्यांचं ब्लड प्रेशर या हिवाळ्यात कसं राहिलं, आणि त्यांना स्वतःला काय हवंय. शेवटचं कोणी विचारतच नाही. मुलगा-सून त्यांना घरात कोंडल्यासारखं होईल म्हणून उन्हाळ्यात बोलवतात, आणि त्यांना मात्र नात रांगायला लागेल तेव्हा तिथे असायचं असतं, बाहेर बर्फ असो की ऊन. फक्त भेटीसाठी येणार असतील तर मे ते ऑक्टोबर उत्तम. त्यांना रोज चालायला जाता येईल, शेजारच्या चार लोकांशी ओळख होईल. बाळ सांभाळायला येणार असतील तर हिवाळाही चालेल. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांच्या पुण्यातल्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्या, सगळ्या मुक्कामाची औषधं मूळ पाकिटांत आणि चिठ्ठीसह आणायला सांगा, आणि प्रवासी विमा घेताना आधीपासूनच्या ब्लड प्रेशरचा आणि मधुमेहाचा खर्च त्यात धरला जातो का हे लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत धरला जात नाही.